माळाला पडीक म्हणू नका : पुण्याच्या वेताळ टेकडीवर एक फेरी

पुण्यास आपले येणे कशाने ना कशाने होतेच. कुणाचा मुलगा वसतिगृहात असतो, कुणाला आईला दवाखान्यात दाखवायचे असते, कुणाचे कृषी आयुक्तालयात एखादे प्रकरण अडलेले असते. कचेऱ्या उघडणार दहाला आणि आपण पहाटेच्या गाडीने येऊन बसलेले. मधले तीन-चार तास चहाच्या टपरीवर काढण्यापेक्षा मी सांगतो तिकडे जा. बरोबर मुले असतील तर त्यांनाही न्या. खर्च काही नाही. पाण्याची बाटली आणि पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट एवढे पुरे.

ही जागा म्हणजे वेताळ टेकडी. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर आहे. म्हणजे शहरापासून सातशे-आठशे फुटांची चढण. दक्षिणेस कोथरूड, पश्चिमेस पाषाण, उत्तरेस चतुःशृंगी, पूर्वेस लॉ कॉलेज रस्ता आणि गोखलेनगर. चहूबाजूंनी सिमेंटची वस्ती आणि मधोमध हा हिरवा-पिवळा उंचवटा. वनखात्याने याच्या काही भागास 'भांबुर्डा वनविहार' असे नाव दिले आहे. भांबुर्डा हे आजच्या शिवाजीनगरचे जुने नाव. माथ्यावर वेताळबाबाचे लहानसे देऊळ आहे. आपल्याकडे वेताळ गावाच्या शिवेवर असतो. इथला वेताळही एके काळी शिवेबाहेरचाच म्हणायचा. शहरानेच ती शीव केव्हाच ओलांडली.

"त्यात आम्हांला नवे ते काय? आमच्या गावात अशा दहा टेकड्या आहेत," असे आपण म्हणाल. खरे आहे, आणि म्हणूनच मी आपल्याला तिकडे पाठवतो आहे. गावच्या माळावरून आपण रोज जातो-येतो, पण थांबून त्याच्याकडे पाहत नाही. सातबाऱ्यावर पोटखराबा, बोलण्यात पडीक, आणि ग्रामसभेत विषय निघाला तर 'त्या मोकळ्या जागेचे काहीतरी केले पाहिजे' एवढेच त्याच्या वाट्याला येते. इथे एक माळ शहराने सर्व बाजूंनी कोंडून धरला आहे, आणि गेल्या चाळीसएक वर्षांत त्याच्यावर माणसाने काय काय करून पाहिले ते एका सकाळच्या चालण्यात दिसते. आपल्या गायरानाचे पुढे काय करावयाचे हे ठरविण्याआधी ते पाहून ठेवणे उपयोगाचे आहे.

पायाखालचा दगड

लॉ कॉलेज रस्त्यावरून कांचन गल्लीत शिरलात की वाट थोड्याच वेळात चढू लागते. ही वाट जवळची, पण दमछाक करणारी. चढताना मान खाली घालून चाला, म्हणजे दमही लागणार नाही आणि दगडही दिसेल.

हा सगळा सह्याद्रीचाच दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त रस बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा रस आला. असे थरावर थर साचून महाराष्ट्राचा बराचसा भाग बनला. ज्याने स्वतःची विहीर खणली आहे त्याला हे थर नव्याने सांगणे नलगे. काळा पाषाण लागला की सुरुंग आणि खर्च. मांजऱ्या लागला की पहारीने काम निघते. मुरूम लागला की जरा हायसे वाटते. आणि दोन थरांच्या सांध्यात पाझर फुटला की नारळ. वेताळ टेकडीवर हेच सारे उघड्यावर मांडून ठेवले आहे.

माथ्यालगत दगडाची एक जुनी, आता बंद पडलेली खाण आहे. वाहन संशोधन संस्थेकडून, म्हणजे ए. आर. ए. आय.च्या बाजूने, येणाऱ्या वाटेने गेल्यास ती लागते. खाणीची उभी भिंत म्हणजे पाणी न लागलेल्या मोठ्या विहिरीचा कापच म्हणा ना! पावसाचे पाणी तिच्यात साचते आणि पाखरे तिथे पाण्यावर येतात. काठ मात्र तुटका आहे. मुलांचा हात सोडू नका, आणि पाण्यात उतरण्याचा विचारही नको.

माथ्यावर मातीचा थर वीतभरही नाही. कुठे कुठे तर नुसता कातळ. पहिल्या पावसानंतर या कातळाच्या खळग्यांत पाणी साचते, चार-दोन आठवडे टिकते, आणि तेवढ्यात तिथे बेडकांची पिल्ले आणि बोटभर उंचीची फुले आपला संसार उरकून घेतात. आषाढ ते भाद्रपद या दिवसांत गेलात तर कळलावी, मुसळी, तेरडा, केना यांची दाटी दिसेल. कळलावीचे फूल मुलांना जरूर दाखवा, पण तिचा कंद विषारी आहे हेही सांगून ठेवा.

आजींची परीक्षा

काही वर्षांपूर्वी पुरंदर तालुक्यातील एका बचत गटाच्या बायकांना घेऊन मी या टेकडीवर गेलो होतो. खरे तर सहल कृषी प्रदर्शनाची होती. सकाळ रिकामी होती म्हणून इकडे वळवली. गटात पंचाहत्तरीच्या एक आजी होत्या. अर्ध्या चढावर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या माळावरचंच समदं! हे बघायला आमास्नी पुण्याला आणलंत व्हय, सायेब?"

मी म्हटले, "आजी, मग नावे सांगा बघू."

आजींनी काठी उचलली आणि सुरुवात केली. हा हिवर, हा खैर, ती मेडशिंगी, तिच्या शेंगा पाहा कशा मेंढीच्या शिंगासारख्या वळल्या आहेत. ही बारतोंडी, हा आपटा, हा काळा कुडा, ती हेंकळ, ही करवंदाची जाळी, हा तरवड. दूर उतारावर पांढऱ्या सालीचा एक सालई दिसला, तोही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. गवतांत कुसळी, पवना, मारवेल. रोशा त्यांनी चुरगळून आमच्या नाकाशीच धरला. बरोबरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुली मोबाईलवर फोटो काढून नावे शोधत होत्या. आजी त्यांच्या चार पावले पुढे होत्या.

मग आम्ही दाट झाडीत शिरलो. सावली छान होती. बायका विसावा घ्यायला बसल्या. आजी बसल्या नाहीत. इकडेतिकडे पाहत, कान देत त्या म्हणाल्या, "हितं एक बी पाखरू बोलंना." आणि थोड्या वेळाने, "खाली गवातबी न्हाई."

ती झाडी गिरिपुष्पाची होती.

बांधावर मित्र, माळावर पाहुणा

गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, शिफारस मी स्वतः गावोगाव केलेली आहे आणि आजही करतो. हे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील झाड. फांदी खोचली की रुजते. शेंगवर्गीय असल्याने हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत धरते. वाळलेल्या पाल्यात सुमारे तीन टक्के नत्र असतो. बांधावर लावावे, वर्षातून दोन-तीनदा कमरेच्या उंचीवर छाटावे आणि पाला शेतात गाडावा. शेणखत महागलेल्या दिवसांत याहून स्वस्त खत नाही. गुरे याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून राखणही नको. उंदरांना याचे विष होते, त्यावरूनच त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे.

विसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत पुण्याच्या टेकड्यांवर वृक्षारोपणाच्या मोठ्या मोहिमा झाल्या. उघडा डोंगर हिरवा करावयाचा, लवकर करावयाचा, आणि चरणाऱ्या जनावरांपासून वाचेल असे झाड लावावयाचे. या तिन्ही अटींत जे झाड सहज बसले ते गिरिपुष्प. त्या वेळी उतारावरची माती वाहून जात होती, चराई-तोड चालू होती. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता आणि उताराला काही आधारही मिळाला, हे नाकारता येणार नाही.

पण बांधावर एका ओळीत, छाटणीखाली असलेले झाड वेगळे, आणि डोंगरभर मोकळे सुटलेले झाड वेगळे. याचे वेळापत्रकच माळाच्या उलटे आहे. पावसाळ्यात, जेव्हा गवताला ऊन हवे असते, तेव्हा हे पानांनी गच्च भरलेले असते. फाल्गुन-चैत्रात, जेव्हा पाखराला सावली हवी असते, तेव्हा याच्या फांद्या उघड्या. त्या दिवसांत ते गुलाबी फुलांनी बहरते आणि दिसते फार सुंदर, लोक फोटो काढतात. खाली मात्र वाळलेल्या पाल्याचा थर आणि त्यात एखादे घाणेरीचे झुडूप. गवत नाही, म्हणून नाकतोडा नाही. नाकतोडा नाही, म्हणून त्याच्यावर जगणारे पाखरू नाही. आजींनी दोन मिनिटांत जे ताडले ते एवढेच.

आपण एकदा असे करून पाहा. त्या झाडीत पाच मिनिटे गप्प उभे राहा. मग शंभर-दोनशे पावलांवर, जिथे कुसळी आणि हिवर-खैर अजून टिकून आहेत अशा उघड्या उतारावर पाच मिनिटे उभे राहा. फरक आपला आपल्याला कळेल.

पाहुण्यांचा विषय निघालाच आहे तर गाजरगवताचेही सांगून टाकतो, कारण त्याचे आणि पुण्याचे नाते जुने आहे. आपल्या देशात गाजरगवताची नोंद प्रथम झाली ती पुण्यातच, १९५५ साली. तिथून ते देशभर कुठे कुठे पोचले हे आपल्या बांधाला विचारा. टेकडीवर जिथे माणसांच्या पायांनी वाट रुंद झाली, माती उकरली गेली, तिथे ते वाटेच्या दोन्ही कडांना उभे आहे. जिथे गवताची गच्च वीण शाबूत आहे तिथे ते तितके शिरलेले नाही. नांगरलेल्या आणि उकरलेल्या जागी ते पहिल्यांदा येते, हा आपला अनुभवही हेच सांगतो.

पाखरे, ससे आणि थोडी सावधगिरी

टेकडीवर सर्वांत आधी ऐकू येतो तो मोर. कोथरूडच्या इमारतींच्या गच्चीवरूनसुद्धा त्याची केका ऐकू येते आणि शहरातल्या माणसाला त्याचे केवढे कौतुक! आपले आणि मोराचे नाते इतके सरळ नाही, हे मला ठाऊक आहे. भुईमूग उगवताना आणि टोमॅटो पिकताना मोर काय करतो ते मी पाहिलेले आहे, आणि त्या नुकसानीचे काय, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण मोर पिकात का येतो याचेही एक कारण माळच आहे. त्याला किडे, गवताचे बी, करवंदे आणि लपायला जाळी जिथे मिळे ती जागा आपण कमी करीत आलो आहोत.

तारांवर आणि सुक्या फांद्यांवर वेडा राघू बसलेला दिसेल. एक गिरकी, एक किडा, पुन्हा त्याच फांदीवर. खाटीक पक्षी हेंकळीच्या काट्यावर भक्ष्य टोचून ठेवतो, ते दिसले तर नशीब. कोतवाल आणि साळुंकी तर आपल्या हरभऱ्यातल्या घाटेअळीच्या गिऱ्हाइकांपैकीच आहेत. आपण शेतात पक्षीथांबे लावतो ते यांच्यासाठी. हवेत एका जागी पंख फडफडवीत उभी राहते ती कापशी घार. तिचे मुख्य अन्न उंदीर. ज्या गावात माळ आणि माळावरची चार जुनी झाडे शिल्लक आहेत, त्या गावात कापशी, पिंगळा आणि घुबड यांना राहायला जागा आहे. उंदरांच्या औषधावर आपण दर हंगामाला किती पैसे घालवतो त्याचा हिशेब एकदा याही बाजूने मांडून पाहण्यासारखा आहे.

मृगाच्या आसपास चातक येतो. हा डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा पक्षी आफ्रिकेकडून पावसाच्या वाऱ्याबरोबर येतो, आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. त्याच सुमारास 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा. नवरंग पाहावयाचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशी ओढ्याकाठच्या झाडीत सकाळी सहाच्या आत पोचावे लागेल. गवतात तित्तर असतात. पायाखालून एकदम फर्रकन उडाले की चांगला गडी दचकतो.

जनावरांत ससा आणि मुंगूस नेहमीचे, रानडुकरेही आहेत. पण उपद्रव म्हणाल तर मोकाट कुत्र्यांचा अधिक. शहरातली मंडळी भूतदयेने त्यांना टेकडीवर बिस्किटे घालतात, आणि तीच कुत्री टोळीने ससे आणि मोराची पिल्ले फाडतात. ही दया कुणाच्या जिवावर होते हे त्या मंडळींना कुणी सांगावे!

घोणस आणि फुरसे या दोन्ही सापांचे इथे वास्तव्य आहे. आपल्याला सांगायला नको, पण मुलांना सांगा : दगड उलटवायचा नाही, जाळीत हात घालायचा नाही, वाट सोडायची नाही.

माथ्यावरून

देवळापाशी आलात की जरा बसा आणि चारी दिशा पाहा. नैर्ऋत्येस सिंहगड, हवा स्वच्छ असेल तर त्याचा मनोराही दिसतो. आग्नेयेस पर्वती आणि तिच्यामागे तळजाईचे पठार. पश्चिमेस खाली पाषाणचा तलाव. पूर्वेस सगळे शहर.

आता पाण्याच्या नजरेने पाहा. आपण बसलो आहोत ती जागा पाणलोटाचा दुभाजक आहे. पूर्व आणि दक्षिण उतारावर पडलेला थेंब मुठेला जातो. पश्चिम उतारावरचा थेंब राम नदीला मिळतो आणि तिच्यातून मुळेला. पाषाणचा तलाव या राम नदीवरचाच. दोन्ही थेंब पुण्यातच संगमावर पुन्हा भेटतात, मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत जातात आणि तिथून उजनीत. दौंड, इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांतील जे वाचक हे वाचीत असतील, त्यांच्या उसाच्या पाटात या टेकडीचे पाणी थेंबभर का होईना, आहे. शहर त्यात काय मिसळून पाठवते तो विषय वेगळा आणि कडू आहे.

थोडे गणित करू. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरावर पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी, म्हणजे एक मोठा टँकर. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे टेकडीच्या एकेका हेक्टरावर वर्षाला सातशे टँकर पाणी आकाशातून फुकट उतरते. ते सगळे मुरत नाही. काही उडून जाते, काही वाहून जाते. किती मुरते हे उतार, दगडातल्या भेगा आणि त्यावरचे गवत ठरवते. उघड्या कातळावरून पाणी पळते. गवताच्या बुंध्याबुंध्याशी ते अडखळते, माती खाली ठेवते आणि सावकाश भेगांत उतरते. टेकडीवर जागोजाग समतल चर खोदलेले दिसतील. आपल्या पाणलोटाच्या कामांत आपण खणतो तेच. माथ्यावर मुरलेले पाणी दोन थरांच्या सांध्याने सरकत पायथ्याकडे येते. 'माथा ते पायथा' हे आपण प्रशिक्षणात ऐकलेले वाक्य इथे डोळ्यांनी दिसते.

आणि भांडणही नेमके पायथ्याचेच आहे. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या कडेने सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढावा असा महापालिकेचा प्रस्ताव अनेक वर्षे गाजतो आहे. टेकडीच्या पोटातून बोगदे काढण्याच्याही गोष्टी निघाल्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर या विरोधात मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यात म्हातारी माणसे होती, शाळकरी मुले होती. जे रोज वाहनांच्या गर्दीत अडकतात त्यांचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. पण शेतीच्या माणसाला एक गोष्ट चटकन कळते : डोंगराचा पायथा कापून आडवी भिंत घातली की वरचे पाणी आपली जुनी वाट सोडते, आणि खालच्या विहिरीचा झरा कुठे गेला हे मग कुणाला सांगता येत नाही. गावातून रस्ता गेल्यावर कुणाच्या मळ्यात पाणी तुंबले आणि कुणाची विहीर आटली, याची उदाहरणे आपल्यापैकी प्रत्येकाजवळ आहेत.

परतीच्या वाटा

आल्या वाटेने उतरू नका. वेळ कमी असेल तर गोखलेनगरकडे किंवा चतुःशृंगीच्या बाजूने उतरा. देवीचे दर्शन होते आणि सेनापती बापट रस्त्यावर बस मिळते. पाय धरत असतील किंवा बरोबर म्हातारे माणूस असेल तर मुळात पाषाणच्या नाहीतर पंचवटीच्या बाजूनेच चढावे. तो चढ सौम्य आहे. चढून, थोडे हिंडून, उतरायला अडीच ते तीन तास धरावेत.

ज्यांना इतका चढ नको त्यांनी फर्ग्युसन कॉलेजच्या मागची टेकडी पाहावी. १२ जून १९०५ रोजी नामदार गोखल्यांनी व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी पहाटे तिथेच शपथ घेऊन भारत सेवक समाजाची स्थापना केली. तिथून वेताळ टेकडीचा सगळा कणा समोर दिसतो.

उन्हाळ्यात सकाळी नऊच्या पुढे वर थांबू नये. काडेपेटी आणि विडी खालीच ठेवा. माघापासून पुढे हे गवत वाळून कोळ होते आणि एका थोटकाने उतारच्या उतार जळतात. वनखाते जाळरेषा काढते, टेकडीवर रोज फिरणारी मंडळी झाडाच्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात, तरी दरवर्षी कुठे ना कुठे काळे पट्टे दिसतातच. माळ जाळला की पुढल्या वर्षी गवत जोमाने येते, असा आपल्याकडे समज आहे. कोवळी फूट लवकर दिसते एवढे खरे. पण आगीत कोवळी रोपे आणि जमिनीवरची घरटी जातात, उघडी माती पहिल्या पावसात वाहते, आणि वर्षानुवर्षे जाळलेल्या माळावर शेवटी उरते ती कुसळी. मारवेल, पवना यांसारखी सकस गवते मागे पडतात.

आता आपले गायरान

माळ हे अर्धवट राहिलेले जंगल नव्हे. कमी पावसाच्या, उथळ मातीच्या मुलखात गवत आणि विरळ काटेरी झाडे हेच पूर्ण जंगल असते. पुणे जिल्ह्यातच बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली स्थापन झालेले, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. तिथला चिंकारा दाट झाडीत राहत नाही, त्याला दूरवर नजर पोचेल असा उघडा माळच लागतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. माळढोक वजनदार पक्षी, अंडे उघड्या जमिनीवर घालणारा. माळ नांगरले गेले, झाडे लावून भरले गेले, तारांनी विणले गेले, आणि आज महाराष्ट्रात माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळाला पडीक म्हणण्याची किंमत ती ही.

आपल्या ग्रामपंचायतीकडे गायरानाबद्दल प्रस्ताव येतात. कधी वृक्षारोपणाचे, कधी सौर प्रकल्पाचे, कधी नुसत्या अतिक्रमणाचे, ज्याला प्रस्तावही लागत नाही. काय करावे ते ग्रामसभेने ठरवावयाचे. पण ठरविण्याआधी माळावर काय आहे याची यादी हाताशी असू द्या. गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना, विशेषतः आजीबाईंना आणि मेंढपाळांना, श्रावणात एकदा आणि मार्गशीर्षात एकदा माळावर न्या आणि शाळेतल्या मुलांना वही-पेन्सिल घेऊन त्यांच्यामागे लावा. साठ-सत्तर नावे सहज निघतील.

झाडे लावायचीच असतील तर उतारावर खैर, हिवर, मेडशिंगी, आपटा, काळा कुडा अशी तिथलीच, आणि विरळ लावावीत. गिरिपुष्प बांधावर न्या. गवताला धक्का लावू नका. चर खणताना निघालेली माती खालच्या अंगाला घालून तिच्यावर मारवेलचे ठोंब लावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात चराईबंदी-कुऱ्हाडबंदी करून माळ राखला आणि गवत विळ्याने कापून नेण्याची पद्धत घातली. त्यावर तिथल्या दुधाची वाढ झाली, हे आपण ऐकले-पाहिले असेल. कुसळीचे गवत कापावयाचे ते फुलोऱ्यात, कुसळ धरण्यापूर्वी. कुसळ आले की ते मेंढीच्या लोकरीत, जनावराच्या तोंडात आणि आपल्या धोतरात जाते आणि चाऱ्याची किंमत निम्मी होते.

आणि ज्यांना ग्रामसभेची वाट पाहवत नाही त्यांच्यासाठी एक सोपा प्रयोग. माळाच्या मधोमध एक गुंठा, म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, जागा पंचायतीला विचारून मे महिन्यात काट्यांनी वेढून टाका. आत काहीही लावू नका, पाणी घालू नका, गुरे शिरू देऊ नका. आश्विनात आतले गवत कापून वजन करा, आणि कुंपणाबाहेरच्या तेवढ्याच जागेतले कापून वजन करा. दोन्ही आकडे शाळेच्या फळ्यावर लिहा. बाभळीच्या काट्या पुरतात. तार विकत आणण्याची गरज नाही.